एकाच घराण्यातली इंजिनं

मारुती ८०० च्या इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ मिलिमीटर. अशा तीन सिलिंडरांची बेरीज ७९६ सीसी होते. त्याच मापाचा चौथा सिलिंडर शेजारी जोडला की आकडा येतो १०६१ सीसी, आणि पहिल्या पिढीची वॅगन-आर ज्यांच्या दारात उभी होती त्यांना तो आरसी बुकातून ओळखीचा असेल. सुझुकीने वॅगन-आरसाठी मुळापासून नवं इंजिन आखलं नाही. हाताशी असलेल्या मापांवरच एक सिलिंडर वाढवला. पुढे तेच १०६१ सीसीचं इंजिन ऑल्टोच्या व्हीएक्स मॉडेलातही बसवून विकलं. ‘माझ्या आठशेच्या ऑल्टोत अकराशेचं इंजिन बसेल का?’ हा प्रश्न गॅरेजवाल्यांना वर्षानुवर्षं विचारला गेला आहे. त्याचं उत्तर कारखान्याने आधीच देऊन ठेवलं होतं.

जुन्या छोट्या गाड्यांमधली इंजिनांची अदलाबदल समजून घ्यायची, तर सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. बहुतेक जण सुरुवात करतात हॉर्सपॉवरपासून: कुठलं इंजिन जास्त पळतं, ते माझ्या गाडीत घाला. जाणता मिस्त्री मात्र आधी विचारतो की हे इंजिन कुठल्या घराण्यातलं. घराणं एक असेल तर निम्मं काम झालेलं असतं. घराणं वेगळं असेल, तर पुढचे कित्येक आठवडे ग्राइंडर आणि वेल्डिंग मशिनच्या आवाजात जातात.

घराणी तयार होतात ती कारखान्याच्या हिशेबातून. इंजिनाचा ब्लॉक ओतायचा साचा, सिलिंडर बोअर करणारी यंत्रं, क्रँकशाफ्ट घासणारी यंत्रं हा खर्च प्रचंड असतो. एका वेळी तीन-चार सिलिंडर बोअर करणाऱ्या यंत्रात दोन सिलिंडरांच्या मध्यातलं अंतर ठरलेलं असतं. ते बदलायचं म्हणजे सगळी लाइन बदलायची. त्यामुळे कंपनी ते अंतर वर्षानुवर्षं तसंच ठेवते आणि बोअर थोडा मोठा करून, स्ट्रोक थोडा लांबवून, किंवा एखादा सिलिंडर वाढवून त्याच घराण्यात नवी इंजिनं काढते. ब्लॉकच्या मागच्या बाजूला गिअरबॉक्स जोडायची बोल्टांची भोकंही शक्यतो तिथेच ठेवली जातात, म्हणजे एकच गिअरबॉक्स दोन-तीन इंजिनांना चालतो. कंपनीने पैसे वाचवण्यासाठी घेतलेला हा निर्णय वीस वर्षांनी एखाद्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला उपयोगी पडतो.

भारतातल्या जुन्या मारुत्यांपुरतं बोलायचं तर दोन घराणी महत्त्वाची: एफ आणि जी. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चं एफ-८-बी हे कार्ब्युरेटरवालं इंजिन, नंतरचं बारा व्हॉल्व्हचं आणि एमपीएफआयचं, म्हणजे इंजेक्टरवालं, एफ-८-डी, आणि वॅगन-आरचं एफ-१०-डी ही एफ घराण्यातली. १९९३ च्या झेनमधलं ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं जी-१०-बी आणि एस्टीममधलं १२९८ सीसीचं जी-१३-बी ही जी घराण्यातली. बलेनोचं १५९० सीसीचं जी-१६-बी हा याच घराण्यातला मोठा भाऊ. नावातलं अक्षर घराणं सांगतं, आकडा साधारण क्षमता सांगतो, शेवटचं अक्षर आवृत्ती.

या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. ‘हजार सीसीचं मारुतीचं इंजिन द्या’ असं भंगार बाजारात म्हटलं तर तीन वेगवेगळी इंजिनं समोर येऊ शकतात. पहिल्या जिप्सीतलं आणि मारुती १००० या सेडानमधलं ९७० सीसीचं एफ-१०-ए. झेनचं ९९३ सीसीचं जी-१०-बी. आणि वॅगन-आरचं १०६१ सीसीचं एफ-१०-डी. तिन्ही चार सिलिंडरची, तिन्ही सुझुकीची, तिन्हींच्या नावात दहा. पण बोअर अनुक्रमे ६५.५, ७२ आणि ६८.५ मिलिमीटर. एकाचं हेड गॅस्केट दुसऱ्याला चालत नाही. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक, हेडची ठेवण आणि व्हॉल्व्हची संख्या पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

घराणं एक असूनही गाडं अडू शकतं, कारण इंजिन गाडीत कसं बसवलंय हा वेगळा प्रश्न असतो. मारुती ८०० आणि ओम्नी या दोन्हींत एफ-८-बी. पण ८०० मध्ये ते बोनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. ओम्नीत ते पुढच्या सीटांखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं ढकलतं. ओम्नीचं पूर्ण इंजिन जसंच्या तसं ८०० मध्ये उतरवायला गेलात तर तेलाचा चेंबर, मॅनिफोल्ड, फाउंडेशनचे ब्रॅकेट सगळंच चुकीच्या जागी येतं. म्हणून जाणकार ओम्नीकडून फक्त ‘हाफ इंजिन’ घेतात: ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढंच. वरचं हेड, खालचा चेंबर आणि आजूबाजूचा सगळा पसारा आपल्या गाडीचाच ठेवायचा. मात्र त्याआधी दोन्ही ब्लॉक शेजारी ठेवून फाउंडेशनच्या भोकांची जागा एकदा ताडून पाहायची.

ब्रिटनमध्ये हाच अनुभव मिनीवाल्यांनी घेतला. १९५९ साली बाजारात आलेली मिनी अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखली तेव्हा बीएमसी या मोटार कंपनीचं आधीपासून चालत आलेलं ए-सिरीज इंजिन त्यांनी आडवं फिरवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या चेंबरमध्येच बसवला. इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच. ८४८ सीसीच्या मिनीत १२७५ सीसीचं ए-सिरीज घालणं हा तिथे पुढे जवळजवळ रिवाज झाला, कारण दोन्ही कारखान्यातून मिनीतच बसून आली होती. पण मॉरिस मायनरमधलं ए-सिरीज तसंच्या तसं मिनीत बसत नाही. तिथे ते उभं असतं आणि गिअरबॉक्स मागे वेगळा. होंडा सिव्हिकच्या चाहत्यांनी जगभर बी-सिरीजची जी अदलाबदल केली, तिचंही मूळ हेच: सिव्हिक आणि इंटेग्रा या भावंडांत कंपनीनेच सामायिक ठेवलेली मापं.

आता एक अदलाबदल जवळून पाहू. आपल्याकडच्या हौशी लोकांची सर्वांत आवडती: झेनमध्ये एस्टीमचं इंजिन. कार्ब्युरेटरवाली झेन साधारण ५० हॉर्सपॉवरची, एमपीएफआय एस्टीम ८५ ची. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, एस्टीम तिच्याहून शंभरेक किलोंनी जड. म्हणजे एस्टीमचं इंजिन झेनमध्ये एस्टीमपेक्षाही हलकेपणाने पळतं. हे आकर्षण समजण्यासारखं आहे, आणि घराणंही एकच आहे.

चेन-कप्पीला लटकलेलं एस्टीमचं इंजिन झेनच्या रिकाम्या बोनेटमध्ये उतरू लागतं तेव्हा पहिली अडचण दिसते ती उंचीची. झेनचा स्ट्रोक ६१ मिलिमीटर, एस्टीमचा ७५.५. स्ट्रोक वाढला की ब्लॉकही उंच होतो, आणि बोनेट व इंजिन यांच्यातली जागा आक्रसते. एअर क्लीनरचा मूळ डबा तिथे राहत नाही. तो बाजूला न्यावा लागतो. उतरवताना एक माणूस कप्पीची साखळी सोडतो, दुसरा हाताने इंजिन गिअरबॉक्सच्या बाजूला तिरकं धरतो, आणि तिसरा खाली वाकून फाउंडेशनची भोकं जुळतात का पाहतो. इंजिनाचं वजन ज्या रबरी फाउंडेशनवर येतं ती जुनी, तडकलेली असतील तर गाडी सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डसकट थरथरते, आणि मालक इंजिनाला दोष देत राहतो. इथे नवी फाउंडेशन घालायला कंजूसपणा करू नये.

त्यानंतर क्लच. इथला एक नियम गॅरेजमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्यांदा सांगावा इतका महत्त्वाचा आहे: क्लच प्लेटच्या मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळले पाहिजेत, आणि तिचा बाहेरचा व्यास फ्लायव्हीलशी. झेनचा गिअरबॉक्स ठेवून एस्टीमचं इंजिन घातलं, की हे दोन्ही एकाच प्लेटमध्ये मिळवावे लागतात. झेनचीच प्लेट तशीच ठेवली तर बसते, चालते, पण वाढलेल्या ताकदीला घसरते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी तिथेच रेंगाळते. थोड्याच दिवसांत प्लेट जळल्याचा वास येतो. म्हणून बरेच जण एस्टीमचा गिअरबॉक्सही घेतात. मग एक्सलची लांबी आणि दाते पाहावे लागतात, गिअर बदलायच्या दांड्या जुळवाव्या लागतात, आणि टायरचा घेर वेगळा असल्याने स्पीडोमीटर खरा वेग दाखवतो का ते तपासावं लागतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे जपावे लागतात. लोखंडी बोल्ट वाकडा घुसवून लांब पान्याने जोर लावला की आटे सोलून निघतात. मग तिथे मोठं भोक पाडून नवे आटे कापायचे किंवा आतून तारेचं वेटोळं बसवायचं. चांगला मिस्त्री प्रत्येक बोल्ट आधी हाताने तीन-चार फेरे फिरवतो आणि मगच पाना लावतो.

विजेचं काम मात्र सर्वांत जास्त वेळ खातं, आणि अर्धवट सोडलेल्या बहुतेक गाड्या याच टप्प्यावर ताडपत्रीखाली जातात. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला पेट्रोल पोचवायला इंजिनावरच बसलेला यांत्रिक पंप पुरतो. त्याचा दाब अगदी कमी असतो. एमपीएफआय इंजिनाच्या इंजेक्टरना सुमारे तीन बार दाब लागतो. तो द्यायला टाकीत इलेक्ट्रिक पंप हवा, दाब सोसणारे पाइप हवेत आणि त्या पाइपांना योग्य क्लॅम्प हवेत. जुन्या रबरी नळीवर तीन बारचा दाब म्हणजे तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोलची पिचकारी. इथे काटकसर करणाऱ्याला मी गाडीला हात लावू देणार नाही. पंपाखेरीज ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, लागतो, आणि त्याला थ्रॉटलची स्थिती, मॅनिफोल्डमधला दाब, पाण्याचं तापमान, क्रँकची किंवा कॅमची स्थिती, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन हे सगळं कळवणारे सेन्सर लागतात. म्हणून इंजिन विकत घेताना त्याच गाडीचं पूर्ण वायरिंग हार्नेस, ईसीएम आणि इमोबिलायझर असेल तर चावीसुद्धा एकत्र घ्यावी. वायरा कापून दिलेलं हार्नेस स्वस्त पडतं, पण त्यातला रंगांचा गोंधळ सोडवताना जाणारे दिवस त्या स्वस्ताईत धरलेले नसतात.

इंजिन सुरू झालं की मालकाचा चेहरा फुलतो, आणि तिथेच काम संपलं असं समजलं जातं. माझ्या मते खरं काम अजून उरलेलं असतं. जास्त पेट्रोल जळतं म्हणजे जास्त उष्णता. झेनचा लहान रेडिएटर मुंबईच्या मे महिन्यातल्या गर्दीत ती बाहेर टाकू शकत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की फेसिंगला जातं. दुसरी गोष्ट ब्रेकची. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलं की वेग पावपट वाढतो, पण थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ज्या ब्रेकना ५० हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी आखलं होतं, त्यांच्याकडून ८५ हॉर्सपॉवरच्या गाडीची जबाबदारी मागणं धोक्याचं आहे. एस्टीमचं इंजिन घेताना तिचे ब्रेकही घ्यावेत. ब्रेकचं आणि सस्पेन्शनचं काम न करता फक्त इंजिन बदललेली गाडी मी अपुरी मानतो, ती कितीही सुंदर पळत असली तरी.

चाकांचंही एक साधं गणित यात येतं. मारुती ८०० आणि झेनच्या चाकांना चार बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर, स्विफ्टच्या चाकांना चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. स्विफ्टची अलॉय चाकं झेनला लावायची तर ती सरळ बसत नाहीत. मग काही जण भोकं घासून मोठी करतात. तसं कुणीही करू नये.

कंपन्यांनीही अशी अदलाबदल उघडपणे केली आहे. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई म्हणजे फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आली तेव्हा तिच्या ऐसपैस, व्हॉक्सहॉलच्या सांगाड्यात अ‍ॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, आणि ती रखडायची. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा तीच गाडी वेगळी वाटू लागली. चेन्नईच्या स्टँडर्ड मोटरने रोव्हर एसडी-१ च्या देखण्या सांगाड्यात जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं दोन लिटरचं इंजिन बसवून स्टँडर्ड २००० काढली, आणि ती बाजारात टिकली नाही. सांगाडा आणि इंजिन यांचं वजन, ताकद आणि स्वभाव जुळला तरच गाडी होते, हे या तिन्हींतून दिसतं.

मारुती ८०० च्या इंजिनाने तर शर्यतीची एक पिढी घडवली. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी ते छोटं इंजिन एका आसनाच्या शर्यतीच्या गाडीत बसवलं, आणि त्या फॉर्म्युला मारुती गाड्यांतून अनेक भारतीय शर्यतपटूंनी सुरुवात केली. नारायण कार्तिकेयन हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. इंजिन स्वस्त होतं आणि त्याचे पार्ट गावोगावी मिळत होते, म्हणून हे शक्य झालं. कोइंबतूरच्या ट्रॅकला आज करिवर्धन यांचंच नाव आहे.

जिप्सीवाल्यांची कथाही जी घराण्याचीच. जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचं इंजिन उभं बसतं. डोंगरात, चिखलात गाड्या घालणारे लोक त्या जागी बलेनोचं १५९० सीसीचं इंजिन पसंत करतात, कारण ९० मिलिमीटरच्या लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांवर जोर जास्त मिळतो, आणि चढावर तोच लागतो. बलेनोत ते आडवं असल्याने चेंबर, तेल ओढणारी नळी आणि फाउंडेशन बदलावं लागतं, नाहीतर चेंबर खाली पुढच्या अ‍ॅक्सलला टेकतो. अशा कामातले ब्रॅकेट हातानेच बनवावे लागतात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी फ्लायव्हील टर्न करणारा आणि जाड पत्र्याचा ब्रॅकेट मापात बनवणारा कारागीर मिळतो, हे आपल्या भागाचं भाग्य आहे.

इंजिन कुठून आणायचं, हा प्रश्नही तितकाच गंभीर. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार दुकानांत, चेन्नईच्या पुदुपेट्टईत, दिल्लीच्या मायापुरीत जुन्या गाड्यांची इंजिनं मिळतात. मेरठचा सोतीगंज बाजारही त्यासाठी प्रसिद्ध होता; चोरीच्या गाड्या तिथे सुट्या होतात म्हणून पोलिसांनी २०२१ मध्ये तो बंद पाडला. त्यामुळे ज्या गाडीतून इंजिन निघालं तिची कागदपत्रं, भंगारात काढल्याचा दाखला आणि दुकानदाराचं बिल यांशिवाय इंजिन घेऊ नये. क्रमांक घासलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी घेऊ नये. घेण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे जवळपास सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेले असतात.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे वर वर्णन केलेली झेन-एस्टीमची जोडी बंद ट्रॅकवर कितीही देखणी असो, सार्वजनिक रस्त्यावर ती कायद्याच्या बाहेर आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्या अपघातात दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी घर असतं, हे विसरू नये.

कायद्याने मोकळा असलेला रस्ता वेगळा आहे. जुनं इंजिन निकामी झालं तर त्याच कंपनीचं, त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवता येतं. त्यासाठी आधी आरटीओकडे अर्ज करून परवानगी घ्यायची, इंजिन बसवल्यावर गाडी तपासणीला न्यायची, नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यायचा आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. सीएनजीसारखं इंधन बदलायचं असेल तर मान्यता मिळालेला किटच बसवायचा. जुनी गाडी इलेक्ट्रिक करायलाही आता असे किट आहेत, आणि त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे. एफ-८ इंजिनांचे पार्ट अजून सहज मिळतात, कारण ८०० आणि ओम्नी लाखोंनी विकल्या गेल्या. झेनचे पार्ट मात्र दुर्मीळ होत चालले आहेत, म्हणून ज्यांच्याकडे जुनी झेन आहे त्यांनी चांगलं जी-१०-बी दिसलं की बिलासकट घेऊन, स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून, सगळी तोंडं बंद करून ठेवावं.